नाहीच्या रकान्यातली रेघ

३ मार्च, सोमवार

ही वही बायकोनं दिली. प्रेमानं नाही. जेवताना मी चौथ्यांदा तीच रड सुरू केली तेव्हा ती म्हणाली, मला सांगू नकोस, लिहून ठेव. आणि मुलाच्या कप्प्यातली एक कोरी वही आणून पुढ्यात टाकली. तेव्हा लिहितो.

रड अशी, की एकतीस वर्षं माणसांना भूल देण्यात घालवल्यावर आज भर मीटिंगमध्ये मला उलटी समितीचा प्रमुख करण्यात आलं. कागदावर नाव भारदस्त आहे, 'शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी प्रतिबंध समिती'. पण दुपारच्या आत सगळ्या हॉस्पिटलात ती उलटी समिती झाली होती. माझ्याबरोबरचे लोक हृदयाच्या आणि मेंदूच्या ऑपरेशनांवर व्याख्यानं देत फिरतात, आणि मी ओकाऱ्या मोजायच्या. लिफ्टमध्ये हाडांच्या सर्जननं विचारलं, काय साहेब, पोटात ढवळतंय का? चार नर्सेस मागे उभ्या होत्या. मी हसून घेतलं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे सगळं रिकव्हरीतल्या मोठ्या सिस्टरांचं काम. ऑपरेशननंतर पेशंट नीट शुद्धीवर येईपर्यंत ज्या खोलीत ठेवतात ती रिकव्हरी, आणि तिथं मोठ्या सिस्टर म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांनी सहा महिने एका चौकटीच्या वहीत खुणा केल्या. दर पेशंटला एक चौकट. उलटी झाली तर फुली, नुसती मळमळ असेल तर टिंब, काहीच नसेल तर चौकट मोकळी. शंभरात चौतीस फुल्या. कुणाच्या पेशंटना जास्त, हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं नाही, पण विभागप्रमुखांनी वही चाळून मिटली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, उलटीनं कोणी मरत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "नाही मरत. पण पुन्हा येत नाहीत."

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मला त्यात मान हलवण्यासारखं काय ते कळलं नाही.

५ मार्च, बुधवार

समिती म्हटल्यावर वाचणं आलं. म्हणजे हे सगळं एकेकाळी वाचलेलंच होतं, पण परीक्षेपुरतं. चार गोष्टी बघायच्या. पेशंट बाई आहे का. सिगारेट न ओढणारी आहे का. आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या किंवा गाडी लागते का. आणि नंतर अफूच्या जातीतलं वेदनाशामक द्यावं लागणार आहे का. एकेक 'हो' वाढला की धोका चढत जातो. चारही हो आले तर दहातल्या आठजणींना त्रास ठरलेला. सिगारेट ओढणाऱ्यांना कमी होतो, हे वाचून मी बायकोला मोठ्यानं ऐकवलं. ती म्हणाली, वा, म्हणजे फुप्फुस काढायला नेतील तेव्हा तू सुखानं पडशील.

दुपारी मोठ्या सिस्टरांच्या हुकमावरून रिकव्हरीत दोन तास स्टुलावर बसलो. समितीनं आधी बघावं, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत मी तिथं एवढा वेळ कधी टेकलो नव्हतो. पेशंट आणायचा, श्वास बघायचा, रक्तदाब बघायचा, सही करून पुढच्या ऑपरेशनला पळायचं. भूल उतरली की आमचा संबंध सुटला, अशीच माझी समजूत.

तीन नंबरला हर्नियाची बाई होती, कापडाच्या दुकानात काम करणारी. डोळे उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तिला सुरू झालं. पोटाला ताजे टाके, आणि दर उमाशाला ती दोन्ही हातांनी ते दाबून धरायची. सिस्टरांनी उलटी झेलायचा किडनी ट्रे हनुवटीखाली धरला, दुसऱ्या हातानं स्पिरिटचा बोळा नाकाशी नेला आणि तिला नाकानं लांब श्वास घ्यायला लावले. जरा शमलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुस्तकात आता आलंय, मी पंचवीस वर्षं करतेय.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती बाई सारखी माफी मागत होती. आधी सिस्टरांची, मग फरशी पुसणाऱ्या मावशींची, मग माझी. "माफ करा साहेब, चादर खराब झाली." सकाळी मीच तिला भूल दिली होती. तिनं मला ओळखलं नाही. बायका संकोची असतात, दुसरं काय.

६ मार्च, गुरुवार

भाऊजींचा फोन. ताईच्या अंडाशयावर गाठ निघाली आहे. आमच्याच हॉस्पिटलातल्या पोटाच्या सर्जननं तपासलं, आणि तपासण्यांचा कौल बरा नाही. महिन्याच्या आत काढून टाका, म्हणाला. ताई नाही म्हणते. भाऊजी बिचारे रडकुंडीला आलेले. म्हणाले, तू धाकटा भाऊ, त्यातून डॉक्टर, तुझं ऐकेल.

ऐकेलच. अकरा वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलं तेव्हा भूल मीच दिली होती. दुसऱ्या दिवशी दहाच्या राउंडला गेलो तर बाईसाहेब घट्ट वेणी घालून, उशीला टेकून, हसत बसलेल्या. वॉर्डातल्या सगळ्यांना मी त्या दिवशी ऐकवलं होतं, हा बघा माझ्या हातचा पेशंट.

८ मार्च, शनिवार

ताईकडे जाऊन आलो. दोन तास डोकेफोड केली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आधी म्हणाली, नातवाची परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, गुडघा दुखतोय, तो बरा होऊ दे. मग दात काढायचा निघाला. मी म्हटलं, ताई, गाठ तुझ्या दातासाठी थांबणार नाही. म्हणाली, चार महिन्यांनी काय बिघडतं रे, बघू. तिचं ते 'बघू' मी लहानपणापासून ओळखतो. त्याचा अर्थ नाही.

मग मी मरणाच्या भीतीवर भाषण दिलं. आजकाल भूल किती सुरक्षित झाली आहे, लाखात किती दगावतात, सगळे आकडे सांगितले. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मरणाला कोण घाबरतंय, धाकट्या?"

मग कशाला घाबरतेस, असं मी विचारायला हवं होतं की काय, कोण जाणे. मी वेगळंच बोललो. शिकलेल्या बाईनं असा अडाणीपणा करू नये, म्हणालो. आवाज चढला होता. भाची आतून बाहेर आली.

वातावरण हलकं करावं म्हणून मग मी बसचा किस्सा काढला. हा आमच्या घरातला हुकमी किस्सा. आत्याकडे निघालो होतो. ताई बारा वर्षांची, मी नऊ. तिला गाडी लागायची. बस फाट्यावरून वळायच्या आत तिचं सुरू. वडील पिशवी धरून बसलेले. आणि मी उठून थेट ड्रायव्हरमागच्या बाकावर जाऊन बसलो, आणि शेजारच्या काकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, ती आमच्यातली नाही. सगळे पोट धरून हसतात याला. आजही हसले. ताई तर डोळे पुसेपर्यंत हसली.

ऑपरेशनचं मात्र पुन्हा 'बघू'च.

११ मार्च, मंगळवार

आज तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मोठ्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या आणि दहा फॉर्म टेबलावर मांडले. ऑपरेशनआधी आम्ही पेशंटकडून भरून घेतो ते. पहिल्या पानावर हृदय, दमा, ॲलर्जी. ते मी नीट विचारतो, त्यात बोट दाखवायला जागा नाही. दुसऱ्या पानावर नऊ प्रश्न, पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने. दहाही फॉर्म माझे. दहाही फॉर्मांवर नाहीच्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ. शेवटी जराशी वळवलेली, सहीसारखी.

सिस्टर म्हणाल्या, काल आणि आज मी या दहाजणांना जाऊन विचारलं. चौथ्या प्रश्नाला चौघांचं उत्तर हो आहे.

मी म्हणालो, मला नाही म्हणाले असतील.

त्यांनी विचारलं, कुठल्या शब्दांत विचारलंत? फॉर्मवर छापलंय, 'प्रवासजन्य मळमळीचा पूर्वेतिहास'. असं विचारलं तर मीही नाही म्हणेन. मी विचारलं, गाडी लागते का? तर एकजण म्हणाला, सिस्टर, बसचं चित्र पाहिलं तरी लागते.

मी काही विचारलंच नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. ती रेघ मी पेशंटच्या खोलीत शिरायच्या आधीच, कॉरिडॉरमधून चालताना ओढतो. वेळ वाचतो. किती वर्षं ओढतोय ते आठवत नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फॉर्म गोळा करून त्या म्हणाल्या, हे मी विभागप्रमुखांना दाखवणार नाही, समितीला दाखवलं. आणि गेल्या.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर चरफडत होतो. एकतीस वर्षांत टेबलावर एक पेशंट गमावला नाही, आणि एका रेघेवरून मला शिकवतात. रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, पित्त.

१४ मार्च, शुक्रवार

आज पाचजणांना विचारलं. खुर्ची ओढून, बसून, चौथा प्रश्न सिस्टरांच्या शब्दांत. एकेकाला चार मिनिटं जास्त लागली. सर्जन दारातून दोनदा डोकावून गेला.

एक पोस्टातली बाई म्हणाली, गेल्या वेळी इतकी ओकले की आतडी बाहेर पडतील असं वाटलं. कुणाला सांगितलंत, मी विचारलं. ती म्हणाली, कुणाला सांगणार, डॉक्टर एवढे कामात, आणि ऑपरेशन तर छान झालं होतं ना. 'ऑपरेशन तर छान झालं होतं' हे तिनं मला समजावल्यासारखं सांगितलं.

तिला वायूची भूल दिलीच नाही, त्यानं मळमळ वाढते; सगळी शिरेतून दिली. उलटीविरोधी दोन वेगवेगळी औषधं दिली, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. अफूच्या जातीतलं औषध जेमतेम. हे काही मी शोधून काढलेलं नाही. कपाटात हे सगळं कित्येक वर्षं आहे. संध्याकाळी रिकव्हरीत जाऊन पाहिलं तर ती चमच्यानं पाणी पीत होती. सिस्टरांनी वहीतली मोकळी चौकट मला दाखवली. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या आधीच्या फुल्या आपोआप मोजल्या गेल्या.

१७ मार्च, सोमवार

गाठ वाढली आहे. नवी तपासणी झाली. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझी बहीण आहे म्हणून स्पष्ट सांगतो, आता थांबली तर पुढं मी हात लावून उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही.

भाची फोनवर रडली. म्हणाली, मामा, आई एकच बोलते, त्या दिवसासारखं पुन्हा नको. कुठल्या दिवसासारखं, ते सांगत नाही. विचारलं की उठून आत जाते.

मी खूप विचार केला. आमची आई दवाखान्यात गेली, तो दिवस असणार. ताईच होती तिच्याजवळ. तसं असेल तर समजूत घालता येईल. आईचा आजार निराळाच होता.

ताई तयार झाली तर हाताशी असावा म्हणून तिचा जुना केसपेपर मागवून ठेवला आहे. मागच्या वेळी कुठली औषधं दिली, नळी घालताना काही अडचण आली का, ते बघावं लागतं.

१९ मार्च, बुधवार

केसपेपर आला. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. बायकोला मी हे सांगू शकत नाही.

दुसरं पान उघडलं. नऊ प्रश्न, नाहीच्या रकान्यात उभी रेघ, शेवटी वळवलेली.

ताईचा फॉर्म मी तिच्यासमोर भरलाच नव्हता. तिला काय विचारायचं, जन्मापासून ओळखतो. चौथ्या प्रश्नावरूनही रेघ तशीच खाली गेली आहे. पंचेचाळीस वर्षं मी तो बसचा किस्सा चवीनं सांगत आलो. जगात एकाच बाईच्या बाबतीत मला चौथ्या प्रश्नाचं उत्तर विचारल्याशिवाय ठाऊक होतं, आणि तिथं मी 'नाही' लिहिलं. चारही हो असलेली बाई. तिला वायूची भूल दिली, अफूच्या जातीतलं वेदनाशामक भरपूर दिलं, उलटीवरचं औषध एकही नाही.

मग नर्सेसचं पान. दुपारी ४.१०, उलटी. ४.५०, उलटी. ५.३०, उलटी, टाक्यांत दुखते म्हणून रडते. असं खाली खाली. मधे एक ओळ: सायं. ७.४०, बेड नं. ७ ला सतत उलट्या, भूलतज्ज्ञांना फोनवर कळवले, 'होतं असं, सकाळी बघू' असे सांगितले.

हा फोन मला आठवत नाही. असे किती येतात. पण मी काय बोललो असेन ते शब्द माझेच आहेत, रोजचे. सात नंबर म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. सकाळी ज्या बहिणीच्या हाताला सुई टोचली ती सात नंबरला आहे, हे मला माहीत नव्हतं, कारण भूल उतरली की माझा संबंध सुटतो.

शेवटची नोंद सकाळी ८.२०. एकूण अकरा.

आणि त्याखाली माझ्या अक्षरात: स. १०.००, रुग्ण सुखात, मळमळ नाही, उलटी नाही, तक्रार नाही. खाली सही. त्या सहीचा शेवटही तसाच वळवलेला.

२० मार्च, गुरुवार

मोठ्या सिस्टरांना विचारलं, अकरा वर्षांपूर्वी त्या वॉर्डात तुम्ही होतात का? त्या म्हणाल्या, होते. ७.४०चा फोन तुम्ही केला होता का? हो. मग सात नंबर म्हणजे माझी बहीण, असं का नाही सांगितलंत?

त्या बोळ्यांचा डबा भरत होत्या. मग म्हणाल्या, "सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

सकाळी दहाला ती वेणी घालून हसत कशी बसली होती, हेही विचारलं. त्यावर म्हणाल्या, ते मला विचारू नका, कागदावर आहे तेवढं आहे. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? दुपारी स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं आणि रडलो. छप्पन वर्षांचा माणूस. बाहेर आलो तर हाडांचा सर्जन हात धूत होता. माझा चेहरा बघून त्यानं उलटीवरचा विनोद गिळला असावा.

२२ मार्च, शनिवार

कोरा फॉर्म घेऊन ताईकडे गेलो. ती म्हणाली, आलास पुन्हा भाषण द्यायला? मी म्हटलं, नाही, विचारायला. भाऊजींना आणि भाचीला बाहेर बसायला सांगितलं आणि पहिल्या प्रश्नापासून सुरू केलं. तिला गंमत वाटली. तिसऱ्या प्रश्नापर्यंत थट्टा करत उत्तरं दिली.

चौथा आला. गाडी लागते का?

ती म्हणाली, तुला माहीत आहे की. मी म्हटलं, मला माहीत नाही असं समज. परका डॉक्टर आहे असं समजून सांग.

"लागते," ती म्हणाली.

आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या?

तिनं भाजीच्या टोपलीकडे पाहिलं. म्हणाली, थोडं झालं होतं. होतं तेवढं सगळ्यांना.

मी म्हटलं, "अकरा वेळा."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. पकडल्यासारखा झाला. चोरी माझी, आणि पकडल्यासारखा चेहरा तिचा. तिनं विचारलं, मोजलं होतं कुणी? मग माझं जे काही मनात होतं ते सगळं तिला सांगितलं. रेघ, फोन, सात नंबर, बसमधला बाक, सगळं. माफी मागितली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, अरे, किती वर्षांपूर्वीचं ते. त्या हातानं जास्तच लाज वाटली.

या वेळी काय काय करणार, ते मी एकेक करून सांगितलं. वायू नाही. औषधं दोन, लागलं तर तिसरं तयार. पोटाची कातडी बधिर करण्याचं इंजेक्शन, म्हणजे अफूचं औषध नावापुरतं. तरीही होणारच नाही असं वचन देता येत नाही, हेही सांगितलं. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून ऐकायला लागली. शेवटी म्हणाली, ठीक आहे, काढू या.

मग दारापर्यंत पोचवायला आली आणि चप्पल घालताना हळूच म्हणाली, "भूल दुसऱ्या कुणी दिली तर चालेल का रे?"

मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही? म्हणाली, तसं नाही रे.

तसंच असणार. दुसरं काय असणार? मी हो म्हणालो.

२७ मार्च, गुरुवार

उद्या ऑपरेशन. आमच्या विभागातल्या दुसऱ्या भूलतज्ज्ञ बाई भूल देतील. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, कामाला चोख. का, असं त्यांनी विचारलं नाही. हॉस्पिटलात भिंतींना कान असतात, तेव्हा कळलंच असेल. मी त्यांना ताईचा फॉर्म दिला. नऊ प्रश्न, नऊ वेगवेगळी उत्तरं, एकही रेघ नाही. त्यांनी तो वाचला आणि तरीही ताईकडे जाऊन सगळं स्वतः पुन्हा विचारलं. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. राग आला नाही.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, उद्या रिकव्हरीत या, पण डॉक्टर म्हणून नको. नातेवाइकाला एक स्टूल देईन.

२८ मार्च, शुक्रवार

गाठ पूर्ण निघाली. कशाची ते आठवड्यानं कळेल, पण सर्जनचा चेहरा मी ओळखतो. आज तो मोकळा होता. भाऊजींना बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले.

दीडला तिला रिकव्हरीत आणलं. सिस्टरांनी स्ट्रेचरवाल्यांना आधीच बजावलं होतं, वळणावर सावकाश, पाहुणीला गाडी लागते. ते इतक्या जपून आले की जणू भरलेला हंडा आणत होते. तिला ठेवलं सात नंबरला. रिकामा तोच होता की मुद्दाम, मी विचारलं नाही. टोपी आणि मास्क घालून, मांडीवर किडनी ट्रे घेऊन स्टुलावर बसलो.

अर्धा तास ती झोपेतच होती. मग कपाळाला आठी पडली, ओठ पांढरे झाले, आणि गिळायला लागली. ती खूण मी या महिन्यात ओळखायला शिकलो. सिस्टर पलीकडच्या खाटेशी होत्या. मी बोळा तिच्या नाकाशी धरला आणि तिनं आपणहून लांब श्वास घेतला. मग दुसरा. ट्रे हनुवटीखाली धरून मी बसलो होतो. भूलतज्ज्ञ बाईंनी येऊन तिसरं औषध सलाइनमधून दिलं. पंधरा मिनिटांनी आठी गेली. ट्रे कोरडा राहिला. सिस्टरांनी लांबूनच वही उघडून चौकटीत टिंब काढलं आणि मला दाखवलं.

तेवढ्यात ताई बोलली. डोळे मिटलेलेच होते, जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते.

"सिस्टर," ती मला म्हणाली, "ते भांडं खाटेखाली ढकला हो. दहाला माझा भाऊ येईल. त्याला सांगू नका काही. त्याला वाटेल, त्याचंच चुकलं."

तिनं पुन्हा विचारलं, सांगणार नाही ना?

"नाही सांगणार," मी म्हणालो.

"आणि तेवढी माझी वेणी घालून द्या," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

मोठ्या सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून कंगवा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी ट्रे खाली ठेवला. वेणी मी जन्मात कुणाची घातली नव्हती. जमेल तशी घातली.